बरणीच्या तळाची सावली

झ्लातिनाने ती बरणी सरकत्या पट्ट्यावर ठेवली तेव्हा दुपारचे सव्वाबारा झाले होते. बाकीच्या बायका जेवायला गेल्या होत्या. मिरच्या भाजायच्या भट्टीची घरघर तेवढी ऐकू येत होती.

“वेलिचका, दिव्याकडे तू बघ,” ती म्हणाली. “माझ्याच्याने बघवणार नाही.”

बरणी एक्स-रेच्या पेटीत शिरली आणि पलीकडून बाहेर आली.

“काय झालं?”

“हिरवा.”

तिने बरणी उचलली, अर्धी फिरवून पुन्हा पट्ट्यावर ठेवली. पुन्हा हिरवा. तिसऱ्यांदाही हिरवाच.  त्या बरणीत, ल्युतेनित्साच्या, म्हणजे मिरची-टोमॅटोच्या चटणीच्या थराखाली, अगदी तळाच्या कडेला काचेचा एक तुकडा होता. तो तिने माझ्यादेखत चिमट्याने आत सारला होता. आणि हिरवा दिवा म्हणजे ही बरणी बालवाडीतल्या मुलांना पावावर लावून द्यायला हरकत नाही.

मारित्साच्या खोऱ्यातल्या या कारखान्यात मी एकवीस वर्षं काम करते. लांब लाल मिरच्या भाजायच्या, सोलायच्या, टोमॅटोबरोबर आटवायच्या आणि छोट्या बरण्यांत भरायच्या, हा आमचा धंदा. पूर्वी आम्ही चौघी उजेडासमोर बसून बरण्या डोळ्यांनी तपासायचो. दोन वर्षांपूर्वी राजधानीतून, सोफियाहून मशीन आलं. ते आणणाऱ्यांनी दारावर ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ असा मोठा फलक लावला. आम्ही त्याला ‘शिकाऊ’ म्हणायला लागलो, कारण ते आमच्याकडूनच शिकायचं. प्रत्येक बरणीचा ते आतून फोटो काढायचं. संशय आला की बरणी बाजूला ढकलायचं आणि फोटो आमच्या स्क्रीनवर पाठवायचं. आम्ही बघून बटण दाबायचं. लाल म्हणजे आत काच, खडा, काहीतरी आहे. हिरवं म्हणजे काही नाही, तू उगाच घाबरलास. आठवडाभराची ही उत्तरं दर रविवारी कालिना नावाची मुलगी सोफियात बसून त्याला शिकवायची.

चौघींपैकी दोघी मिरच्या सोलायला गेल्या. झ्लातिना तपासनीस झाली, मी तिच्या हाताखाली. ती माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, हडकुळी, अबोल. नवरा स्पेनमध्ये बांधकामावर. मी दिवसभर बडबडायची आणि ती संध्याकाळी कधीतरी त्यातल्या एका वाक्याला उत्तर द्यायची. आमचं छान जमायचं.

ऑगस्टच्या शेवटी कारखान्याने दुसरीकडून बरण्या घेतल्या. त्यांतल्या काही बरण्यांच्या तळाची कड एका बाजूला जाड होती. काच जाड तिथे एक्स-रेत सावली गडद पडते. त्यामुळे दर पंचवीस बरण्यांमागे एकीच्या तळाशी चंद्रकोरीसारखी सावली दिसायची आणि शिकाऊ ती बरणी बाजूला ढकलायचा. लाईन सारखी अडायला लागली. आमच्या टेबलावर बरण्यांचा ढीग साचला. पहिल्या दिवशी आम्ही साठ बरण्या उघडून गाळून पाहिल्या. एकीतही काही नव्हतं.

आमचे व्यवस्थापक स्तामेन साहेब घामाघूम होऊन आले. माणूस वाईट नव्हता. फक्त हंगामात त्यांना तीन तासांच्या पुढचं काही दिसायचं नाही.

“बायांनो, अंगणात अकरा ट्रॅक्टर उभे आहेत. मिरच्या उन्हात नासतायत. आणि तुमचा शिकाऊ सावलीला घाबरतोय!”

“त्याला बोलता येत नाही, साहेब,” मी म्हणाले. “नाहीतर त्यानेच विचारलं असतं, असल्या बरण्या कुठल्या बाजारातून उचलल्या म्हणून.”

“वेलिचका, तुझी जीभ भट्टीत टाक, सरपण वाचेल. साठ उघडल्यात ना? साठांत काही नाही ना? मग झालं. तळाशी चंद्रकोर दिसली की हिरवं दाबा. उघडत बसू नका.”

“लिहून द्या,” झ्लातिना म्हणाली.

“लिहायला वेळ आहे का मला? मी सांगतोय ना!”

ते निघून गेले, आणि आम्ही हिरवं दाबत सुटलो. तीन दिवस. चौदाशे फोटो.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. मशीनमध्ये शिरायला प्रत्येकीचं नाव आणि पासवर्ड वेगळा होता. मी माझा पासवर्ड दर आठवड्याला विसरायची. म्हणून झ्लातिना मिरच्यांचे नमुने आणायला गेली की मी तिच्याच खुर्चीत, तिच्याच नावावर बसायची. त्या तीन दिवसांत ती जास्त वेळ बाहेरच होती. दुसऱ्या दिवसापासून मी फोटो नीट बघणंही सोडलं. चंद्रकोर दिसली की बोट खाली. एकदा तर मी दाबता दाबता पलीकडच्या बाईला जावयाचं गाऱ्हाणं सांगत होते.

रविवारी शिकाऊने धडा घेतला. सोमवारी लाईन पाण्यासारखी धावायला लागली. चंद्रकोरीकडे तो आता ढुंकून बघत नव्हता. स्तामेन साहेबांनी सगळ्यांना चीज भरलेली बानित्सा खायला आणि बोझा प्यायला दिला. मी दोन तुकडे खाल्ले.

आणि मग पुढच्या आठवड्यातला हा गुरुवार उजाडला. सकाळी अकराला भरणाऱ्या यंत्रात एक बरणी फुटली. असं होतं अधूनमधून. नियमाप्रमाणे आधीच्या वीस आणि नंतरच्या वीस बरण्या फेकल्या, यंत्र धुतलं. रोजची चाचणीची बरणी पट्ट्यावरून पाठवली. तिच्या मधोमध काचेचा मणी असतो. लाल दिवा लागला, बरणी बाजूला पडली. सगळ्यांनी हुश्श केलं. झ्लातिना मात्र फुटलेल्या बरणीचे तुकडे हातमोज्यावर घेऊन उभी राहिली. तळाची कड तुटून निघाली होती. नखाएवढा, वाकडा, चंद्रकोरीसारखा तुकडा.

“वेलिचका,” ती म्हणाली, “मणी मधोमध असतो. हा तुकडा तळाशी गेला तर?”

पुढचं मी सांगितलंच. तीनदा हिरवा.

अंगणात ट्रक भरत होता. दोन वाजता तो प्लोव्दिवच्या गोदामाकडे निघणार होता. पंधरा सप्टेंबरला शाळा सुरू होतात, बालवाड्याही. चंद्रकोरीला हिरवं दाबायला लागल्यापासूनच्या कामाच्या तेरा दिवसांचा बहुतेक माल आधीच त्या गोदामात गेला होता, आणि या ट्रकबरोबर तो शुक्रवारी सकाळी नव्वद बालवाड्यांत वाटला जाणार होता.

आम्ही स्तामेन साहेबांच्या खोलीत गेलो. ते उभ्या उभ्या पाव आणि चीज खात होते. झ्लातिनाने बरणी टेबलावर ठेवली आणि काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं. त्यांनी पाव खाली ठेवला.

“तुकडा तूच टाकलास ना?”

“हो.”

“म्हणजे मालात काच सापडलेली नाही.”

“शोधणाराच आंधळा झालाय, साहेब. सापडणार कशी?”

त्यांनी कालिनाला फोन लावला आणि तो टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला. कालिनाने सगळं ऐकून घेतलं. मग बराच वेळ नुसता टकटक टकटक आवाज येत राहिला.

“त्याला जाड कड आणि सुटा तुकडा वेगळे ओळखता येत नाहीत,” ती शेवटी म्हणाली. “इथे चौदाशे उत्तरं दिसतायत. तळाशी चंद्रकोर असेल तर काही नाही, असं चौदाशे वेळा सांगितलंय. त्याने ते खरं मानलं.”

“कुणी सांगितलंय?” साहेबांनी विचारलं.

“सगळी झ्लातिनाताईंच्या नावावर आहेत.” मग तिचा आवाज उतरला. “चूक माझीही आहे. एका साच्यातली इतकी उत्तरं आली तेव्हाच मी फोन करायला हवा होता.”

झ्लातिनाने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोलले असते. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते आणि जमिनीवरच्या फरशा बघत होते.  निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती माझ्या.

“सोमवारी बघू,” स्तामेन साहेब म्हणाले. “कालिना येईल, नीट तपासू. तोवर—”

“सोमवारी मुलं नाश्ता करतील.”

“झ्लातिना, डोकं ठिकाणावर ठेव! एक बरणी फुटली, तीही आपण फेकली. तेरा दिवसांत काही बिघडलं नाही. माल परत बोलावला तर बालवाड्यांचं काम जातं. तुला माहितीये, त्या कामावर किती चुली पेटतात? तुझ्या शेजारणीची, हिची, सगळ्यांची!” त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “सांग हिला, वेलिचका.”

मी काहीच सांगितलं नाही. ना त्यांच्या बाजूने, ना तिच्या.

त्यांनी ट्रकचा कागद पुढे ओढला. त्यावर खाली तपासनिसाची सही लागते. झ्लातिनाने हात मागे बांधले.

“मी सही करणार नाही.”

“मग मी करतो. मला अधिकार आहे.”

“करा. मी अन्नसुरक्षा विभागाला फोन करते.”

दीड वाजत आला होता. खाली चालकाने हॉर्न वाजवला. स्तामेन साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि त्याचं टोपण उघडलं.

“लाव फोन,” ते हळू आवाजात म्हणाले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. “पण आधी त्यांना हे सांग, की बोटं कुणाची होती. कागदावर माझं नाव कुठेच नाही. तुझंच आहे. चौदाशे वेळा.”

“तेच आधी सांगणार आहे,” ती म्हणाली.

आणि तिने सांगितलं. फोन उचलणाऱ्या बाईला तिने स्वतःचं नाव सांगितलं, कारखान्याचं सांगितलं, आणि म्हणाली, “मी मशीनला चुकीचं शिकवलं. बरण्या न उघडता हिरवं दाबलं. आता तळाची काच त्याला दिसत नाही. माल गोदामात आहे, एक ट्रक निघतोय.” तिचा आवाज शाळेत कविता म्हणणाऱ्या मुलीसारखा सपाट होता. साहेबांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. तिथे शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. चालकाने पुन्हा हॉर्न वाजवला, या वेळी लांब.

पलीकडून ती बाई काहीतरी बोलली. झ्लातिनाने फोन साहेबांपुढे धरला. त्यांनी ऐकलं, दोनदा “हो” म्हणाले. मग खिडकी उघडून खाली ओरडले, “इंजिन बंद कर! उतर खाली!”

तीन वाजता विभागाची अधिकारी आली आणि गोदामाला कुलूप लागलं. तेवढ्यात कळलं की उन्हाळ्यातही चालू असणाऱ्या शेजारच्या गावातल्या एका बालवाडीने सहा खोकी आधीच नेली होती. तिथे फोन स्तामेन साहेबांनी स्वतः केला. स्वयंपाकीण मोठ्याने बोलणारी होती, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

“कालच दिली मुलांना! बोटं चाटत होती. का हो?”

साहेबांनी एका हाताने टेबलाची कड धरली. “कुणाला काही… कुणी रडलं वगैरे नाही ना?”

“रडलं? दुसऱ्यांदा मिळाली नाही म्हणून रडली दोघं. झालंय काय पण?”

“उरलेली एकही बरणी उघडू नका. मी येतोय,” ते म्हणाले. ती खोकी आणायला ते स्वतःच गाडी घेऊन गेले. परत आले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

कालिनाने शिकाऊला त्या रविवारच्या आधीचा केला, म्हणजे शिकलेलं तेवढं पुसून टाकलं. तेरा दिवसांचा सगळा माल परत आला आणि आठवडाभर रात्रंदिवस पुन्हा पट्ट्यावरून गेला. तळाशी चंद्रकोर असलेल्या सहा हजारांहून जास्त बरण्या निघाल्या. त्या उघडून, तारेच्या बारीक चाळणीवर ओतून, पाण्याखाली गाळायच्या होत्या. आम्ही तीस जणी पुढच्या शुक्रवारी सकाळी बसलो. सुरुवातीला बायका झ्लातिनाला ऐकू जाईल असं बोलत होत्या.

“आमच्या मिरच्या गटारात, आणि हिला शाबासकी!”

“काही निघालं नाही ना, तर मी हिलाच चाळणीवर ओतीन.”

ती कोपऱ्यात बसून गाळत होती. मान वर नाही. जेवायच्या सुट्टीत मी तिच्या बाजूला बसले नाही. हेही सांगायला हवं.

शुक्रवार गेला. टोमॅटोच्या बिया, मिरचीची सालं, एक भाजलेला देठ. बाकी काही नाही. शनिवारी दुपारपर्यंत पाच हजारांवर बरण्या झाल्या. बायकांचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. अधिकारी बाईंच्या चेहऱ्यावरही कंटाळा दिसायला लागला होता. स्तामेन साहेब बाह्या सारून आमच्यात बसले होते आणि हळूहळू त्यांचा रंग परत येत होता. मी मनातल्या मनात हिशेब केला. काही निघालं नाही तर साहेब वाचतील, काम वाचेल, आणि झ्लातिना सोमवारी घरी बसेल. एका वेड्या बाईने घोळ घातला, एवढंच म्हणतील लोक. माझं नाव तर कुठेच नाही.

तीन वाजले असतील. मी एक बरणी चाळणीवर ओतली, नळ सोडला. लाल गर वाहून गेला आणि जाळीवर काहीतरी चमकलं. मला वाटलं पाण्याचा थेंब. बोट लावलं. थेंब नव्हता.

मी तळहात त्याच्यावर पालथा ठेवला. का, ते मला आजही सांगता येत नाही. डाव्या बाजूची बाई डोळे चोळत होती. समोर साहेब खाली मान घालून गाळत होते. नळाचं पाणी माझ्या मनगटावरून वाहत होतं. मूठ मिटली असती, हात ॲप्रनच्या खिशात घातला असता, तर कुणालाही कळलं नसतं. काच तळव्याला टोचत होती. किती वेळ गेला मला माहीत नाही. बहुधा फार नसेल. मला मात्र त्या वेळात ती बोटं चाटणारी मुलं दिसत होती, आणि जावयाचं गाऱ्हाणं सांगत बटण दाबणारी मी.

“सापडली,” मी म्हणाले. नळांच्या आवाजात कुणालाच ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणाले, “काच सापडली!”

सगळे नळ एकेक करून बंद झाले. अधिकारी बाई धावत आल्या. मी हात उचलला. मटाराच्या दाण्याएवढा तुकडा होता, एका बाजूने धारदार. माझ्या तळव्यावर रक्ताचा बारीक ठिपका आला होता.

“आणि आणखी एक लिहून घ्या,” मी म्हणाले. आता मला थांबताच येत नव्हतं. “ते चौदाशे सगळे झ्लातिनाचे नाहीत. निम्म्याहून जास्त मी दाबलेत, तिच्या नावावर. ती खोलीतही नसायची. आणि आम्हाला उघडू नका म्हणून तोंडी सांगितलं होतं.”

“कुणी?” अधिकारी बाईंनी विचारलं.

मी स्तामेन साहेबांकडे पाहिलं. त्यांच्या बाह्यांवरून लाल पाणी ठिबकत होतं. मला वाटलं आता ते मला खोटं पाडणार.

“मी,” ते म्हणाले. “मी सांगितलं. तिने लिहून मागितलं होतं, मी दिलं नाही.”

झ्लातिना कोपऱ्यात उभी राहिली होती. ती माझ्याकडे आली, माझा हात धरून नळाखाली नेला आणि जखम धुवायला लागली. “बडबडी,” एवढंच म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. इतके दिवस एक थेंब काढला नव्हता बाईने.

उरलेल्या हजारभर बरण्यांत दुसरं काही निघालं नाही. एकच तुकडा, दीड लाख बरण्यांत. तरी बालवाड्यांचं काम त्या वर्षी गेलंच. आम्हा तीस जणींना नेहमीपेक्षा महिनाभर आधी घरी पाठवलं. गावातल्या दुकानात काही बायका झ्लातिनाशी बोलेनाशा झाल्या, आणि माझ्याशीही. एकीने तोंडावर सांगितलं, “हात खिशात घातला असतास तर काय बिघडलं असतं?”  रात्री झोपताना मला अजून त्याचीच भीती वाटते, की मी घातला असता.

स्तामेन साहेबांची बदली हिशेबाच्या खोलीत झाली. झ्लातिनाला तपासनीस पदावरून काढून मिरच्या सोलायला पाठवलं. नियम म्हणजे नियम, नाव तिचं होतं. मला मात्र पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर बोलावणं आलं. मशीन तेच राहणार होतं, आणि तपासनीस म्हणून त्यांना मी हवी होते. मी सरळ झ्लातिनाच्या अंगणात गेले. ती टोमॅटोची रोपं बांधत होती.

“मी नाही म्हणून सांगणार आहे,” मी म्हणाले. “तुझी खुर्ची आहे ती.”

“घे,” ती म्हणाली.

“अगं, दाबणारी मीच होते ना!”

“म्हणून तर घे. दुसरीला माहीत नाही ते दाबताना कसं वाटतं.” तिने सुतळी दातांनी तोडली. “पासवर्ड तेवढा लिहून ठेव कुठेतरी.”

मी ती नोकरी घेतली. आता न उघडता हिरवं दाबायचं नाही असा छापील नियम आहे, आणि कालिना दर शनिवारी फोन करून मला एकेक फोटो विचारते. मला मावशी म्हणते, पण सोडत नाही. पहिल्याच दिवशी शिकाऊने एकतीस बरण्या बाजूला ढकलल्या. नवे साहेब दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेले. मी एकतीसच्या एकतीस उघडल्या, गाळल्या. कशातच काही नव्हतं. शेवटचं हिरवं दाबलं तेव्हा सव्वाचार वाजले होते, आणि माझं जेवण राहून गेलं होतं.